हन्नाबाईंचा संथ भाग

हन्नाबाई आपटेकर यांनी मला लोणावळ्यात राहायला खोली दिली, पोटाला काम दिलं आणि टाळी कशी द्यायची ते शिकवलं. हे आधी सांगून टाकते. कारण पुढे बाई पुष्कळ ठिकाणी तापट दिसतील, एका ठिकाणी तर चक्क खोटं बोलताना दिसतील, आणि तेवढ्यावरून कुणी त्यांच्याबद्दल मत बनवलं तर तो दोष माझ्या सांगण्याचा. माझी शाळा सातवीत सुटली. सांगताना मागचं पुढं होतं.

मी किनवटकडची. एका ठेकेदारानं आम्हा काही बायकांना इथल्या बंगल्यांवर स्वयंपाकाला आणलं होतं. माझा बंगला विकला गेला, नवे मालक आपला आचारी घेऊन आले. मी भुशीच्या रस्त्याला, भजीच्या टपरीच्या आडोशाला पिशवी मांडीवर घेऊन बसले. गावी जावं तर काय तोंड दाखवायचं, आणि नाही जावं तर राहायचं कुठं, याच विचारात. एवढ्यात काठी टेकत एक उंच, हडकुळी म्हातारी आली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, अंगावर सुती पातळ आणि पायांत पुरुषांचे कॅनव्हासचे बूट.

"पिशवीवर बोटं का आपटतेस?"

आपटत होते हे मलाच ठाऊक नव्हतं.

"आपट. पण पळतेस कशाला? गाडी सुटतेय का तुझी?"

"नाही बाई. गाडी कसली."

"मग हळू आपट. स्वयंपाक येतो?"

"येतो."

"तो मलाही येतो. ताल धरता येतो?"

"नाही."

"खरं बोललीस. चल."

अशी मी त्यांच्या घरात शिरले. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे फणस. घर त्यांच्या भावाचं, भाऊ ठाण्यात. पुढचे सहा महिने मी पिशवी भरूनच ठेवली होती, खाटेखाली. उद्या जा म्हणाल्या तर आवराआवर नको. एक दिवस बघते तर माझे कपडे फळीवर घडी करून ठेवलेले आणि पिशवीत कांदे. बाई म्हणाल्या, "पिशवी चांगली आहे, हवा खेळते." त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. घरात मराठी, ताटात भात नि नारळाचं कालवण, प्रार्थना तेवढी हिब्रूत. लग्न होऊन त्या इस्रायलला गेल्या, तिकडे वाळवंटातल्या एका गावात संसार केला. शेजारीण मोरोक्कोहून आलेली, सुल्ताना नावाची. तिला मराठी येत नव्हतं, बाईंना अरबी येत नव्हतं, आणि हिब्रू दोघींचीही तेव्हा देवाशी बोलण्यापुरती. मग कपडे वाळत घालताना सुल्ताना गायची आणि दोरीच्या अलीकडून बाई तिच्या मागोमाग गायच्या. नवरा वारल्यावर बाई परत आल्या त्या ही गाणी घेऊन. कारण विचारलं तर म्हणायच्या, "तिकडे पाऊस नाही. गळा सुकतो."

ती गाणी शेकडो वर्षांपूर्वीची, स्पेनच्या दक्षिणेकडची. तेव्हा तिथं मुसलमान आणि ज्यू एकाच गावात नांदत. चाल एकच, मुसलमान तीवर अरबी शब्द घालणार, ज्यू हिब्रू. पुढे राजे बदलले आणि दोघांनाही तिथून काढलं. बाई म्हणायच्या, "काढताना मात्र त्यांनी भेदभाव केला नाही." माणसं समुद्र ओलांडून मोरोक्कोत आली, सामानात चाली होत्या.

अशा गाण्यांच्या माळेला नूबा म्हणतात. ती सुरू होते अगदी संथ, इतकी संथ की नव्या माणसाला वाटतं अजून वाद्यं लावताहेत. मग हळूहळू वेग धरते आणि शेवटी घोड्यावर बसते. नियम एवढाच की संथ भाग आधी पुरा गायचा. सुल्ताना म्हणायची, संथ भाग गाळणं म्हणजे पाहुण्याला दारातच पानसुपारी देऊन वाटेला लावणं. मोरोक्कोत पानसुपारी असते का मला माहीत नाही. ती बाईंनी घातली असावी.

बाईंच्या चौघांच्या मेळ्यात त्या स्वतः गायच्या आणि ऊद वाजवायच्या. ऊद म्हणजे पोट सुटलेली सतार म्हणा. दुसरे देहूरोडचे उस्मानचाचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवता वाजवता म्हातारे झालेले. मोरोक्कोत व्हायोलिन मांडीवर उभं धरतात म्हणून बाईंनी त्यांनाही तसंच धरायला लावलं. चाचा लोकलनं यायचे, वाद्य काढायचे आणि रोज तेच म्हणायचे, "चाळीस साल खांद्यावर होतं. आता म्हातारपणी मांडीवर लेकरू दिलं बाईनं." अरबी शब्द त्यांचे, हिब्रू बाईंचे. तिसरे वडिवळ्याचे भिकाभाऊ, भातशेतीवाले, डफावर. ते शब्दांच्या भानगडीत पडत नसत. "आमाला काय कळतंय त्यातलं. पन चाल लय ग्वाड हाय," म्हणून मागून सूर धरायचे. चौथी मी, टाळीला. संथ भागात टाळ्यांमधलं अंतर एवढं की मला घाम फुटायचा. आपण विसरलो की काय, सगळे आपल्यासाठी थांबलेत की काय, असं वाटून मी लवकर टाळी देऊन मोकळी व्हायची. बाई गाता गाताच भुवई उचलायच्या. त्या भुवईचा अर्थ मला पाठ होता. गाडी सुटतेय का तुझी?

बाई आणि चाचा यांचं कशावरही एकमत नव्हतं. पंखा चालू की बंद, चहात आलं की वेलची, आधी कुणी वाद्य लावायचं, खिडकीशी कुणी बसायचं. एका गाण्यात पेल्याची गोष्ट होती. चाचा नमाजी माणूस, त्यांनी विचारलं, "पेल्यात काय आहे?"

"तुमचा पेला," बाई म्हणाल्या. "तुम्ही घालाल ते."

"मी सरबत घालतो."

"घाला. पण सूर सरबताचा लावू नका."

त्यावरून आठवडाभर अबोला. अबोल्यात तालीम बंद नसायची. एकमेकांना काही सांगायचं झालं तर माझ्यामार्फत. "सुमन, त्यांना सांग दुसरी तार उतरलीय." "सुमन, त्यांना सांग कान उतरलाय." दोघं समोरासमोर, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर.

कार्यक्रमांचं जमणं अवघड. शुक्रवारची दुपार चाचांच्या नमाजाची. शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवार मावळेपर्यंत बाईंचा शब्बाथ. सोमवारी भिकाभाऊंचा उपास, आणि उपासाच्या दिवशी त्यांच्या डफाला जोर नसतो. मंगळवार ते गुरुवार लोणावळ्यात ऐकायला माणूस नसतं. उरला रविवार, आणि रविवारी दुपारी लोणावळ्यात आलेली माणसं चिक्की घेऊन परत निघालेली असतात. तरी कोणी ना कोणी बोलवायचं.

एका रिसॉर्टवर 'अरबी रात्र' होती, दुपारी चारला. मागे पुठ्ठ्याचा उंट, भिकाभाऊंच्या डोक्याला सोनेरी कागदाचा फेटा. उंटाकडे बघून ते म्हणाले, "ह्याला कुनी चारा घातला न्हाई का?" मॅनेजर हात चोळत आला. "मॅडम, फॅमिली क्राउड आहे. शेवटचं फास्टवालं तेवढं घ्या. चार मिनिटं. पब्लिक उठलं पाहिजे."

"उठून कुठं जाणार?"

"नाही, म्हणजे, नाचायला."

"संथ भाग?"

"तो आपण ब्रोशरमध्ये टाकू."

बाईंनी चार मिनिटांचं फास्टवालं घेतलं. पब्लिक उठलं आणि भज्यांकडे गेलं. घरी येताना रिक्षात त्या एकच वाक्य बोलल्या. "पाहुणा दारातूनच गेला."

दुसरे छळणारे पुण्याचे एक डॉक्टरसाहेब. औषधाचे नव्हेत, संस्कृतीचे. माणूस खरंच सज्जन. बाईंच्या गाण्यावर त्यांचा एवढा जीव की गाणं सुरू व्हायच्या आधी ते त्याच्यावर बोलायचे. गावातल्या हॉलमध्ये ते पाऊण तास बोलले. दोन धर्म, एक सूर. सहजीवनाचा संदेश. बोलता बोलता त्यांनी बाई आणि चाचा यांच्याकडे बोट केलं, "पाहा, कसे शेजारी शेजारी बसले आहेत." दोघं पंख्यावरून आठ दिवस बोलत नव्हते. शेजारी बसले होते कारण खुर्च्या जोडलेल्या होत्या. मग हॉलवाल्याची चिठ्ठी आली. सातला साड्यांचा सेल लागायचा होता. डॉक्टरसाहेब अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "संथ भाग रसिकांनी कल्पनेनं ऐकावा. आपण थेट अखेरच्या जलद भागाकडे वळू."

रसिकांनी कल्पनेनं ऐकला असावा. निदान बरेच डोळे मिटलेले होते.

"संदेश पोस्टानं येतो," बाई घरी म्हणाल्या. "आपण गाणं गातो. हा माणूस माझ्या गाण्याबद्दल इतकं सुंदर बोलतो की गाण्याला जागाच उरत नाही."

हसण्यावारी नेत होत्या, पण त्या वर्षी त्यांची छाती भरून यायला लागली. ओट्याच्या तीन पायऱ्या चढल्या की बसायच्या. इस्रायलहून मुलाचा फोन रोज. आई, आता ये, इथं डॉक्टर आहेत, तिकीट काढतो. बाई त्याला आज-उद्या करायच्या. एकदा भाजी निवडताना मला म्हणाल्या, "जाईन गं. पण इथं इतकी वर्षं मी अख्खी नूबा गायले ती भिंतीसमोर. भिंत बरी, उठून जात नाही. पण वाहवाही करत नाही. एकदा माणसं समोर बसवून, पहिल्या संथ टाळीपासून शेवटपर्यंत गायची आहे. मग नेऊ दे कुठं न्यायचं ते. आणखी एक पावसाळा झाला की दम पुरायचा नाही."

त्यानंतर माझी टाळी आणखीच लवकर पडायला लागली.

मग भुशीकडच्या एका मोठ्या व्हिलाचं बोलावणं आलं. मालकांना रविवारी संध्याकाळी पाहुण्यांसाठी वारसा-भोजन करायचं होतं. डॉक्टरसाहेब व्याख्याते. तिथल्या मॅनेजरनं ठरवून टाकलं होतं. व्याख्यान चाळीस मिनिटं, गाणं दहा, मग जेवण. बाई म्हणाल्या, "चालेल." मी घाबरले. बाई कधी 'चालेल' म्हणत नसत.

त्या दिवशी सकाळी त्यांनी भिकाभाऊंकडून पोहे मागवले आणि मला पातेलंभर भिजवायला सांगितले. त्यात साखर, खवलेला नारळ, खजूर, वेलची. परातीत डोंगर रचला आणि वर केळी, सफरचंद, चिकू लावले.

"हा मलिदा ना बाई?" मी विचारलं. मलिदा त्यांच्यातला नवस फेडायचा प्रसाद, एलिया नबीच्या नावानं करतात, हे मी ऐकून होते.

"नाही. मलिद्याला प्रार्थना लागते, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. हा गोड पोह्यांचा ढीग आहे. कुणाला सांगू नकोस."

व्हिलाच्या दिवाणखान्यात गालिचे अंथरलेले, पाहुणे लोडांना टेकलेले. आतून बिर्याणीचा वास. बाईंनी परात मधोमध ठेवली, वर पांढरं फडकं घातलं. डॉक्टरसाहेब पुढे वाकले. "हे काय? मलिदा? एलिया संदेष्ट्याचा?"

बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्यात रीत आहे. असं ताट मांडलं की गाणं पुरं होईतो कुणी काही खायचं नाही. यातलंही नाही आणि आतलंही नाही."

"अत्यंत अर्थपूर्ण," डॉक्टरसाहेब म्हणाले. "मग मी आधी प्रास्ताविक करतो."

"बोलणंही गाण्यानंतर. ताटापुढे आधी गाणंच लागतं."

डॉक्टरसाहेबांचा हात कागदावर होता तिथंच राहिला. माणूस हुशार, शंका आली असावी. ते चाचांकडे वळले. "उस्मानभाई, दर्ग्यातही मलिदा असतो. तुमच्याकडे आहे अशी प्रथा?"

ज्या माणसानं चहातल्या वेलचीवरूनसुद्धा बाईंना कधी हो म्हटलं नव्हतं, त्याच्या हातात आता सगळं होतं. चाचा व्हायोलिनच्या गजाला राळ लावत होते. त्यांनी ती निवांत लावली. फुंकर मारली. मग म्हणाले, "आमच्यात तर पाणीसुद्धा पीत नाहीत."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की एवढं कशाला वाढवलंत.

"आमच्या वडिवळ्याला बी आसंच हाय," भिकाभाऊ मागून म्हणाले. "लय जुनं."

डॉक्टरसाहेबांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला भराभर काहीतरी लिहून घेतलं. त्यांचे डोळे पाणावले होते. मॅनेजरनं वेटरला खूण केली, थंड पाण्याचा ट्रे मागे गेला.

आणि बाईंनी सुरुवात केली, पहिल्यापासून.

आधी सगळे कौतुकानं बसले. मग संथ भाग आपल्या चालीनं चालत राहिला आणि दिवाणखान्यात चुळबुळ सुरू झाली. कुणी मांडी बदलली, कुणी घड्याळ पाहिलं. एका जाड गृहस्थांनी परातीकडे अशी नजर लावली की मला वाटलं केळं आपोआप सोललं जाईल. मॅनेजर दारात येऊन बोटानं गोल गोल करत होता, म्हणजे पुढे घ्या, पुढे घ्या. पण उठणार कोण? वारशाचा अपमान कुणी अंगावर घ्यायचा? रिसॉर्टवर माणसं धरून ठेवता आली नव्हती, इथं परातीनं धरून ठेवली.

मला मात्र टाळ्यांमधली जागा खायला उठली. सगळे उपाशी आहेत, माझ्यामुळे आणखी उशीर होतोय, असं मनात. हात उचलला, लवकर देणार, तेवढ्यात बाईंकडे लक्ष गेलं. त्यांनी भुवई उचलली नव्हती. डोळे मिटून त्या माझ्या टाळीची वाट पाहत होत्या, जशी एखाद्या माणसावर विसंबून पाहतात. मी थांबले. अजून थांबले. आणि मग दिली.

त्यानंतर कधी ते नक्की कळलं नाही, पण चुळबुळ थांबली. माणूस एका मर्यादेपलीकडे भुकेचा विचार करत नसावा. जाड गृहस्थांची नजर परातीवरून चाचांच्या गजावर गेली आणि तिथंच राहिली. बाई हिब्रू ओळ सोडायच्या, चाचा तिथूनच अरबीत उचलायचे. वेग वाढला, भिकाभाऊंचा डफ घुमायला लागला, शेवटी दोघं आपापल्या भाषेत एकाच वेळी गात होते आणि कोणते शब्द कुणाचे ते कळत नव्हतं. बाईंचा दम दोनदा तुटला. दोन्ही वेळा चाचांनी व्हायोलिन मोठं करून ती जागा झाकली. हे त्यांनी नंतर कधीच कबूल केलं नाही.

संपलं. कुणीच टाळी वाजवली नाही. ताटापुढे टाळी वाजवलेली चालते की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत बसले. बाई घामानं भिजल्या होत्या. त्यांनी ती शांतता पुरेपूर घेतली, घाई केली नाही. मग म्हणाल्या, "जेवा."

व्याख्यान राहूनच गेलं. बिर्याणीपुढे ते कुणी ऐकलं नसतं.

काही महिन्यांनी पुण्याहून एक पत्रिका आली. डॉक्टरसाहेबांचं भाषण, विषय 'मध्ययुगीन उपवास-गायनाची सामायिक प्रथा: मावळातील जिवंत अवशेष'. बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"मी मध्ययुगीन कधी झाले?"

"मला विचाराल तर पहिल्यापासून," चाचा म्हणाले. "पंखा लावा आता."

बाईंनी डॉक्टरसाहेबांना फोन करून खरं सांगायचं ठरवलं. सांगितलंही. ते म्हणाले, प्रथेचे वाहक प्रथेबद्दल नेहमी असंच बोलतात, आणि तेही त्यांनी लिहून घेतलं.

मुलाकडे जायच्या आधी बाईंनी खरा मलिदा केला. ठाण्याहून, पनवेलहून, अलिबागहून नातेवाईक आले, दहा पुरुष भरले. पोहे मीच भिजवले. आत प्रार्थना चालली होती, ती मोठी होती. चाचा आणि भिकाभाऊ बाहेर ओट्यावर बसले होते. चैत्रातलं ऊन, चाचांच्या ओठांना कोरड पडलेली. मी तांब्या नेला.

"चाचा, पाणी घ्या."

"नको. आत चालू आहे ना अजून?"

"चालू आहे. पण ते तर तुम्हीच त्या दिवशी..."

"आमच्यात चालत नाही," चाचा म्हणाले आणि तांब्या भिकाभाऊंच्या पुढ्यातून दूर सरकवला. भिकाभाऊंनी तांब्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. "व्हय. लय जुनं हाय ते."

दुपारी गाडी आली. बाईंचं सामान मागे चढलं, पण हातातली पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. बघते तर माझीच पिशवी, कांदे काढून धुतलेली, वर त्यांची शाल. मला म्हणाल्या, "तुला आता लागत नाही ना?" घर सांभाळायला मी राहणार हे त्यांनी भावाशी कधीच बोलून ठेवलं होतं. गाडी हलली तशी मी खिडकीला धरून बाजूनं चालायला लागले, मग पळायला लागले. बाईंनी काच खाली केली. भुवई उचलली.

"तू का पळतेस? गाडी माझी आहे."

मी थांबले. वळणावर गाडी हळू झाली तेव्हा खिडकीबाहेर त्यांचा हात दिसला, दाराच्या पत्र्यावर टाळी देत होता. एक. मग एवढा वेळ गेला की वाटलं विसरल्या. मग दुसरी.

चाचा आणि भिकाभाऊ अजून रविवारी येतात, पंख्यावरून आता दोघांचं भांडण होतं. फोनवर बाई तिकडून गातात, पण फोनला संथ भाग समजत नाही, त्याला वाटतं गाणं तुटलं. म्हणून मी मनाशी ठरवलंय आणि इथं सांगून ठेवते. एक दिवस बाईंसमोर बसून अख्ख्या नूबेला टाळी देईन, एकदाही न पळता. त्या आल्या तर इथं, याच ओट्यावर. नाही आल्या तर मी तिकडे जाईन, पोह्यांचा डबा घेऊन. उशीर लागेल बाई, पण मी येईन.